चाकाचा च, चंद्राचा च

ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वरांच्या चरणी मस्तक ठेवून आणि जिच्या कृपेवाचून ओठांतला वारा शब्द होत नाही त्या वाग्देवतेला वंदन करून ही लेखणी हाती घेतो. निमित्त असे की, संगणकाला मराठी वाचायला शिकवणाऱ्या हौशी मंडळींचा आंतरजालावर एक मेळा आहे. त्यांच्या बोलत्या वाचकाला या दसऱ्याला एक वर्ष पूर्ण होते. त्यांनी मला विचारले आहे : आपल्याकडे 'जॉबर' या नावाने लिहिणारे गृहस्थ नेमके कोण? आपण त्यांचे घरमालक होतात, तर त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत.

गृहस्थ आता पुण्याला मुलीकडे असतात. परवानगी मागितली तेव्हा फोनवर म्हणाले, "लिहा की गुरुजी. पण नाव घालायचं नाही. मंडळीत मी जॉबर आहे, जॉबरच राहू द्या. आणि स्तुती कमी, दोष जास्त लिहा. स्तुती कोणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे माझं मत आहे."

त्यांची मते पुष्कळ होती. त्यांविषयी पुढे सांगतो.

यंत्रमागाच्या कारखान्यात बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आमच्याकडे जॉबर म्हणतात. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या मागांवर त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली. चाळीस माग एकाच वेळी खडखडत असताना ते नुसते दारात उभे राहत आणि सांगत, की डावीकडच्या तिसऱ्या मागाचा धोटा घासतो आहे. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी होडी. जवळ उभ्या असलेल्या विणकराला जे कळत नसे ते यांना दारातून ऐकू येई. परमेश्वराने कुणाला दृष्टी देताना हात सैल सोडला असेल. यांना कान देताना सोडला होता.

माझी वरची खोली पाहायला ते सपत्नीक आले, तेव्हा मी म्हणालो, "जागा चांगली आहे. उजेड चांगला, शेजारही चांगला."

त्यांनी भिंतीकडे पाहिले नाही की खिडकी उघडली नाही. मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"गुरुजी, परत एकदा म्हणा की."

"काय म्हणू?"

"चांगलं."

मी म्हटले.

"घरी कानडी काय?"

"होय."

"तरीच! तुमच्याकडं चंद्राचा च आहे, चाकाचा च नाहीच." मग पत्नीकडे वळून म्हणाले, "खोली घेऊ. माणूस सरळ दिसतो."

वाचकांनी 'चाक' आणि 'चंद्र' हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. पहिल्यात जीभ दातांना टेकते, दुसऱ्यात ती वर टाळूकडे जाते. अक्षर एक, उच्चार दोन. 'जावई' आणि 'जीव' यांतल्या ज-चेही तसेच. मराठी घरात वाढलेल्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. मी मात्र कानडी घरात वाढलो आणि पाठशाळेत संस्कृत शिकलो. दोन्हीकडे च एकच. त्या एका च-वर मी शाळेतली सारी नोकरी केली. 'चला, चौथा चरण म्हणा' असे मी म्हणालो की मुले एकमेकांकडे पाहून का हसत, ते मला सेवानिवृत्तीनंतर, माझ्याच घराच्या वरच्या खोलीत, एका जॉबरकडून समजले.

त्यांच्या घरची भाषा तेलुगू. "आमच्या जुन्या लिपीत दोन्ही च वेगळे लिहायचे," असे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या पत्नीला सारी गल्ली अक्का म्हणे. त्या बार्शीकडच्या शेतकरी घरातल्या. त्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालत असत. लग्न कसे जमले, असे कुणी विचारले तर म्हणत, "मागाच्या आवाजात ह्यांनी काय इचारलं ते ऐकू आलं न्हाय. मी आपली व्हय म्हणून बसले."

आता मतांविषयी. गल्लीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी पूजा आटोपली की जॉबरांचा मजकूर येई. मथळा ठरलेला : 'माझे वैयक्तिक मत'. त्याखाली कधी टॉवेलला इस्त्री का करू नये, कधी गतिरोधकाची उंची किती असावी, कधी मंदिरातल्या ध्वनिक्षेपकाचे तोंड कोणत्या दिशेला हवे, असे विषय असत. मजकूर एका बोटाने टंकलेला, पण लांबी कीर्तनाची. ग्रुपच्या प्रमुखांनी त्यांना तीन वेळा बाहेर काढले आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत परत घेतले. कारण नळ. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते, आणि नळाला कान लावून आतल्या हवेच्या सुस्काऱ्यावरून "वीस मिनिटांत पाणी, भांडी मांडा" असे सांगणारा माणूस सोलापुरात दुसरा नव्हता. गल्लीला पाणी हवे होते, म्हणून मतेही सोसावी लागली.

संगणकाच्या त्या मेळ्यात ते कसे शिरले, ते मी जवळून पाहिले. आंतरजालावरच्या अशा ठिकाणी एखादा नवा विषय मांडण्याला 'धागा काढणे' म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांनाही नव्हते. त्यांनी पहिला प्रश्न विचारताच कुणीतरी उत्तर दिले, 'काका, इथे नको, वेगळा धागा काढा.'

ते संतापून जिना उतरून आले. "गुरुजी, हे लोक काय शिकलेत? धागा काढा म्हणतात! अहो, धागा काढला की कापड उसवतं. धागा घालायचा असतो!" आणि तेच त्यांनी तेथे लिहिले : 'माझे वैयक्तिक मत : मी आयुष्यभर धागे घातले आहेत. काढणार नाही.' त्यावर त्या मेळ्यात इतका हशा पिकला, की त्या दिवसापासून तेथे नवा विषय मांडण्याला 'धागा घालणे' म्हणतात. आजही म्हणतात. एका जॉबराने एका समूहाचे क्रियापद बदलले. व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवूनही मला असे काही साधले नाही.

परंतु त्या मेळ्यात ते केवळ हौसेपायी गेले नव्हते.

अक्कांना मधुमेह होता आणि त्याने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. उजेड कळे, दारातली आकृती कळे, अक्षर कळेना. वाचनाची त्यांना फार गोडी. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत त्या वाचीत. किराणा बांधून आलेला कागदही वाचल्याशिवाय टाकीत नसत. दृष्टी गेल्यावर जॉबर त्यांना वाचून दाखवू लागले. जिन्यात बसून मी ते ऐकत असे. रस्त्याच्या कामाची बातमी सुरू होई आणि बघता बघता खडी कशी दाबावी यावर येई.

"थांबा, थांबा," अक्का म्हणत, "बातमी कुटं सरली आन् तुमचं मत कुटं सुरू झालं, कळंना की!"

"मत नाही. सुधारणा आहे."

"मग पेपरवाल्याला कळवा. मला जे छापलंय तेवढंच वाचा."

इतके दिवस हे हसण्यावारी जात होते. मग एक गोष्ट घडली. त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते. आईला ती रोज मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवी, कारण कामाच्या जागी बोलायला सवड नसे. त्या ओळी जॉबरच वाचून दाखवीत. एकदा मुलीने लिहिले की, नोकरी सुटली आहे, दुसरी शोधते आहे, आई, तुझ्याशी बोलावेसे वाटते. जॉबरांनी वाचले, "सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस." हेतू चांगला होता; अक्कांची साखर वाढू नये, एवढाच. महिन्याभराने मुलगी घरी आली आणि रडत म्हणाली, "आई, मी एवढं लिहिलं, तू एका शब्दानं विचारलं नाहीस?"

अक्का त्या दिवशी नवऱ्यावर ओरडल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "तुमी मला वाचून दावत न्हाय. गाळून दावता. आजवर काय काय गाळलं असंल, देव जाणे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाचून घेणे बंद केले. वर्तमानपत्र दारात घडी न मोडता पडू लागले. मुलीच्या ओळी आल्याचा नाद मोबाइलवर होई. अक्का तो पालथा घालून ठेवीत.

जॉबर माझ्याकडे येऊन बसले. त्या दिवशी त्यांच्याजवळ मत नव्हते. म्हणाले, "गुरुजी, तिला माझ्याशिवाय वाचता आलं पाहिजे. मी मधी नको."

अशा रीतीने ते त्या मेळ्यात गेले. तेथे एक बोलता वाचक तयार होत होता : मोबाइलवर आलेला मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवी, कुणालाही फुकट. जॉबरांनी तो उतरवून घेतला आणि अक्कांची बरीच मनधरणी करून मुलीची ताजी ओळ त्याच्याकडून वाचून घेतली. ओळ अशी होती : 'आई, कामावर जात आहे. स्वतःला जप.' मुलीला नवी नोकरी लागली होती.

पण यंत्राला च आणि ज एकेकच ठाऊक. त्याने 'जात' असे उच्चारले, की ती जातिधर्मातली जात झाली; आणि 'जप' असे, की तो माळेवरचा जप झाला.

अक्कांनी ती ओळ पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाल्या, "कामावर जात कशाला न्यावी लागती गं बाई? आन् मला जपाला का बसवाया लागली?" आम्ही हसलो, त्याही हसल्या, पण मोबाइल त्यांनी बाजूला सारला. "नको. हे कुणीतरी परकं हाय. माझ्या लेकीचं बोलणं परक्याच्या तोंडून नको."

आणि मग जॉबर उठून उभे राहिले. "परकं कुठलं? ओळखीचा आवाज आहे हा! यंत्र आपल्या गुरुजींवर गेलंय!"

"व्हय की!" अक्का म्हणाल्या. "गुरुजी रोज जिन्यात मला म्हणत्यात, 'अक्का, जपून उतरा.' मला वाटायचं, माळ घिऊन उतरायचं हाय का काय!"

मला फार लाज वाटली. आणि खरे सांगतो, थोडा रागही आला. मी म्हणालो, "देवनागरीत च एक आहे, ज एक आहे. पूर्वसूरींनी काही विचार केला असेलच." जॉबर शांतपणे म्हणाले, "तुमच्या पूर्वसूरींना आमची अक्का भेटली नव्हती."

त्यांनी मेळ्यात नवा धागा घातला : या वाचकाला दोन च आणि दोन ज शिकवले पाहिजेत. देखरेख करणाऱ्या बाई समंजस होत्या. त्यांनी लिहिले, 'काका, दसऱ्याला हा आवाज सर्वांसाठी खुला करायचा आहे. कोणत्या शब्दात कोणता उच्चार, याची पक्की यादी त्याआधी मिळाली तर घालू. नाही मिळाली तर एकाच च-ने जाईल.' एका सदस्याने मात्र खवचटपणे विचारले, 'घरी तेलुगू, गाव सोलापूर. तुमच्या कानाला प्रमाण मराठी कोण म्हणेल?' असले काही वाचले की एरवी जॉबर तीन दिवस उत्तरे देत बसत. या वेळी एकच ओळ लिहिली : 'माझा कान माझा आहे, जीभ माझ्या बायकोची आहे.'

मग माझ्या ओसरीवर एक अपूर्व कारखाना सुरू झाला. श्रावणापासून नवरात्रापर्यंत, सकाळची पूजा आटोपल्यावर आम्ही तिघे बसत असू. शब्द मी वाचायचा. तो संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर तसे सांगायचे, कारण अशा शब्दांत बहुधा चंद्राचाच च असतो. उरलेला शब्द अक्कांनी वाक्यात घालून म्हणायचा, नुसता नाही. "नुसता शब्द म्हणताना माणूस सावध होतो," जॉबर सांगत, "बोलायच्या ओघात खरा उच्चार सुटतो." अक्का म्हणत, "चमचा कुटं ठिवला? सगळे चमचे ह्यांनी संगणकाला टेकू लावाया नेले." आणि जॉबर डोळे मिटून ऐकत. "चमचा, चाकाचा. चमचे, शेवटचा चंद्राचा झाला! ए लागला की बदलला, बघा गुरुजी. धोटा त्या टोकाला गेला." 'माझा' आणि 'माझी' यांतही तेच. हा नियम मी ग्रंथांत वाचलेला होता. पण तो चमच्यांवरच्या भांडणातून जन्म घेताना प्रथमच पाहिला. साठी उलटून गेल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो, आणि गुरुस्थानी बसल्या होत्या चौथीपर्यंत शिकलेल्या अक्का.

'चटणी' या शब्दावरून मेळ्यात आठवडाभर वादळ उठले. कोणाचा पक्ष कोणता होता, ते लिहून मी ते पुन्हा पेटवीत नाही.

खरी अडचण एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांची होती. 'जग' म्हणजे विश्व, आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. 'जरा' म्हणजे थोडे, आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. यंत्राला काय कळणार? जॉबर दोन दिवस यादी चाळत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, मागात एकटा धागा कधी ओळखू येत नाही. शेजारचे दोन बघायचे." म्हणून त्यांनी अशा प्रत्येक शब्दाच्या मागचे-पुढचे शब्द टिपायला घेतले : शेजारी 'स्वतःला' असेल तर एक जप, 'माळ' किंवा 'नाम' असेल तर दुसरा. एका बोटाने ते टंकीत गेले. बोट सुजले तेव्हा दुसऱ्या हाताचे वापरले.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी यादी गेली. बाईंनी एक कसोटी ठेवली. तीच वाक्ये जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी वाचून त्यांनी मेळ्यात टाकली; कोणती कोणाची ते सांगितले नाही. कोकणातले, खानदेशातले, विदर्भातले, सीमेपलीकडचे, सर्वांनी आपापल्या घरी ऐकवून कौल द्यायचा होता. मी त्या दिवसांत सिद्धरामेश्वरांना बेल वाहताना काय मागत होतो, ते त्यांना ठाऊक आहे.

कौल एकतर्फी लागला. त्या खवचट सदस्यानेही लिहिले, 'माझ्या आजीला दोन्ही ऐकवले. पहिल्याला म्हणाली, हा कोण मास्तर? दुसऱ्याला म्हणाली, पोरा, ह्याला जेवायला बोलाव. जॉबरकाका, मी शब्द मागे घेतो.' जॉबरांनी ते मला तीन वेळा वाचून दाखवले आणि या वेळी एकही अक्षर गाळले किंवा घातले नाही. पहिला आवाज 'मास्तर' ठरला, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. उलट त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितले, की हरलेला तो आवाज माझ्यासारखा होता!

दसऱ्याच्या सकाळी वरच्या खोलीच्या दारात शस्त्रपूजेला जॉबरांनी पाना, हातोडी आणि संगणकाचा कळफलक मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहिली. मग नवा आवाज अक्कांच्या मोबाइलवर उतरवला. तेवढ्यात मुलीचा मजकूर आल्याचा नाद झाला. सवयीने जॉबरांचा हात पुढे गेला, आणि त्यांनी तो स्वतःच मागे घेतला.

"कुटं दाबायचं?" अक्कांनी विचारले.

त्यांनी अक्कांचे बोट धरून जागा दाखवली. अक्का उठल्या, भिंतीला हात लावीत खोलीत गेल्या आणि दाराला आतून कडी लावली.

आम्ही दोघे जिन्यात उभे राहिलो. आतून बारीक आवाज येत होता; शब्द लागत नव्हते. चाळीस मागांतून एक धोटा ओळखणारा तो माणूस दारापाशी होता. कान लावला असता तर त्याला सारे ऐकू आले असते. त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. आतला आवाज थांबला. मग पुन्हा तोच आवाज; अक्कांनी मजकूर दुसऱ्यांदा लावला असावा. आणि मग अक्का हसल्या, इतक्या मोकळेपणाने आणि मोठ्याने, की खालून माझी पत्नी विचारायला आली.

"काय लिहिलंय मुलीनं?" तिने विचारले.

जॉबरांनी कानांवरचे हात काढले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा एखाद्या विजयी सेनापतीचा होता. जिन्याच्या कठड्यावरून वाकून ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "मला काय ठाऊक! आमच्या मंडळींचं पत्र आहे ते! मला काहीच ठाऊक नाही!"

वाचकहो, वाग्देवता आपल्या वास्तूवर प्रसन्न असो. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना आपली अक्षरे आपल्या हातांनी उघडता येवोत, लेकीसुनांचे निरोप वाटेत न गळता त्यांच्यापर्यंत पोहोचोत, आणि आपल्या उंबऱ्याच्या आत मोकळे हसू कधी उणे न पडो. शुभं भवतु.